प्रुनोआसातली न पिणारी बाई

किशिनाव, ५ सप्टेंबर

झिनोविया आत्या,

चीज पोचलं, अक्रोड पोचले. माझं मागचं पत्र लाल पेन्सिलीनं तपासून परत पाठवलंस तेही त्याच पिशवीत पोचलं. पत्राला चीजचा वास लागलाय, त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे ते वाचण्याऐवजी हुंगतात. फोन का करत नाहीस म्हणून आता विचारणार नाही. फोनवर माणूस वाटेल ते बोलतो आणि नंतर नाही म्हणतो, हे तुझं मत मला पाठ आहे. व्हॅनवाला मित्रुत्सा आहे तोवर आपलं टपाल बरं चाललंय.

आता काम सांगते. आमच्याकडे यकृताच्या शिरांच्या आजारावर संशोधन चालू आहे. तू सातवीच्या वर्गाला सांगतेस तसं सांगते, कंटाळू नकोस. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा असतात. काही माणसांच्या त्या शिरांत गुठळी होते. वाट बंद झाली की रक्त मागे तुंबतं, यकृत सुजतं, पोटात पाणी भरतं. दारूचा याच्याशी काही संबंध नाही. आमच्या रुग्णांत एक जोगीण आहे, मठातून आलेली, जन्मात थेंब न घेतलेली. आणि आपल्या रक्तात काही मूलपेशी फिरत असतात, हाडांच्या मज्जेतून निघालेल्या. शिरेच्या आतल्या अस्तराला कुठे खरचटलं की तिथे जाऊन बुजवायचं, हे त्यांचं काम. फिरते गवंडी म्हण. ज्यांच्या शिरा बंद पडल्या, त्यांच्या रक्तात हे गवंडी कमी आहेत, की आहेत पण कामचुकार आहेत, ते आम्ही मोजतोय. अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही.

तुलनेला निरोगी माणसं लागतात, आणि न पिणारी लागतात, कारण दारूनं ही मोजणी बिघडते. इथले विद्यार्थी आणून पाहिले, ते सकाळी सकाळीच वास मारत होते. आमचे प्राध्यापक कासियान म्हणाले, "खेड्यात जा. खेड्यातली माणसं शुद्ध असतात." प्राध्यापक साहेब खेड्यात शेवटचे गेले ते कुणाच्या तरी लग्नाला, आणि परत आले ते आडवे. पण त्यांना सांगणार कोण?

दहा न पिणारी माणसं जमवशील का?

तुझी,
स्तेलियाना


प्रुनोआसा, ८ सप्टेंबर

स्तेला,

शुद्धलेखन सुधारलंय. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे.

प्रुनोआसात दहा न पिणारी माणसं? मी इतकी हसले की शेजारची अगाफिया कुंपणापाशी येऊन विचारून गेली, काय झालं, कोण मेलं. अगं, तू इथे जन्मलीस ना? इथे न पिणारे सगळेच आहेत. कुणालाही विचार. हरलांबिएला, म्हणजे आपल्या सरपंचाला, विचारलं तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी? थेंब नाही, झिनोविया!" त्याच्या मागे तळघराचं दार उघडं होतं आणि आतून पिपांचा वास येत होता. पण घरची वाइन ही काही दारू नव्हे. ती जेवण. दारू म्हणजे दुकानातली, बूच सीलबंद असलेली, परक्यानं केलेली. ती इथे खरंच कुणी पीत नाही.

खरी न पिणारी मी एकटी, हे तुला ठाऊक आहे. आणि का पीत नाही? मला चव आवडत नाही. संपलं. पण हे कारण गावाला आजवर पटलेलं नाही. कुणी म्हणतं नवस आहे. कुणी म्हणतं नवऱ्यानं छळलं असणार, खरं तर तुझा काका बिचारा मांजरालासुद्धा "जरा सरकता का" म्हणायचा. सगळ्यात वाईट, निम्मं गाव म्हणतं मी लपून बाप्टिस्ट झालेय, त्यांच्या पंथात दारू वर्ज्य ना. तीस वर्षं मी चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत उभी राहते, तरी!

पण ये. माणसं जमवते. आपली पोर येतेय नि रक्त घेतेय म्हटलं की आपले लोक नाही म्हणायचे नाहीत, त्यांना फुकट तपासणीचा भारी सोस. कोबीचं सारण भरून प्लाचिंता तळून ठेवते.

येताना माझ्यासाठी बूट आण, एक नंबर मोठे. पाय सुजतात जरा. स्कर्टही आवळायला लागलेत. आमच्या घराण्यात बायका पन्नाशीनंतर रुंदच होतात, त्यात विशेष काही नाही.

झिनोविया आत्या


किशिनाव, २७ सप्टेंबर

आत्या,

आधी हसायचं सांगते, मग भांडायचं सांगते.

हसायचं हे की मी रक्त घ्यायला आले तेव्हा आपल्या नऊ महाभागांनी, हरलांबिए काका धरून, "आम्ही पीत नाही" असं लिहून सह्या ठोकल्या, त्यातला एक सही करताना टेबलाला धरून उभा होता. आणि त्यांचं रक्त? अगं, काय सांगू! मूलपेशी नुसत्या ओसंडून चालल्यात. प्राध्यापक कासियान मशीनपुढे उभे राहून म्हणाले, "पाहा! याला म्हणतात शुद्ध जीवन!"

फक्त एक नमुना वेगळा निघाला. त्यात मूलपेशी इतक्या कमी की आमच्या वॉर्डातल्या रुग्णांच्या ओळीत नेऊन बसवावा. तो तुझा आहे. मी सांगायला नको, नियमात बसत नाही, पण नियम गेला खड्ड्यात.

मी सरांना म्हटलं, ही माझी आत्या, ही पीत नाही, हिला तपासायला हवं. त्यांनी चष्मा काढला. "स्तेलियाना, आपण वैज्ञानिक आहोत. खेड्यातली बाई, वय पन्नासच्या पुढे, विधवा, मूलपेशी कमी. ही चोरून पिते." आणि तुझा नमुना खोडला. मी म्हटलं, मग बाकीचे नऊ? तर म्हणाले, "त्यांनी लिहून दिलंय."

आत्या, बुटांचं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पोट फुगलंय का? उजव्या बरगडीखाली दुखतं का? खरं सांग. आणि खरं सांगायच्या आधी गाडीत बस आणि ये. पोटाची सोनोग्राफी करू, दुपारी परत जाशील.

स्तेला


प्रुनोआसा, ३० सप्टेंबर

स्तेलियाना,

मी चोरून पिते! मी!

तुझा तो प्राध्यापक खोडण्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्यानं सरपंचाला फोन केला. "तुमच्या गावची मास्तरीण पिते का, आम्हाला शास्त्रासाठी हवंय." हरलांबिए म्हणतो की तो नाही म्हणाला. असेल. पण फोन आला तेव्हा तो दुकानात होता, आणि दुकानात कोण नसतं? संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की झिनोवियाचं यकृत गेलंय. आणि यकृत कशानं जातं हे प्रुनोआसात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता काय चाललंय ऐक. बाप्ये मला रस्त्यात टोपी काढतात. अगाफिया माझ्या घरातून निघताना कपाटामागे डोकावते, बाटली दिसते का बघायला. काल गायनाच्या सरावाला मी शिंकले तर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मी तुझ्या यकृताच्या वॉर्डात पाऊल ठेवणार नाही. तिथे गेले म्हणजे कबूलच केलं. माझ्या विद्यार्थ्यांची मुलं आता शाळेत आहेत, त्यांना मी सांगत आले की माणसानं बोलावं तसं वागावं. मी मेले तरी चालेल, पण दारुडी म्हणून जगणार नाही.

पोट थोडं आहे. दुखतं ते पित्त. बडीशेपेचा काढा घेतेय.

झि.


किशिनाव, २ ऑक्टोबर

आत्या,

बडीशेपेनं शीर उघडत नाही.

तू गेलीस तर लोक काय म्हणतील सांगू? म्हणतील, प्यायची बिचारी. तेही वर पुन्हा तुझ्याच अंत्यविधीच्या जेवणात, हातात ग्लास घेऊन. माझे आईबाप गेल्यावर तू मला वाढवलंस. मला दुसरं कुणी नाही. तुझा ताठा तुझ्यापाशी ठेव आणि ये.

मी रोज स्टँडवर मित्रुत्साची व्हॅन बघायला जाते.

स्तेला


प्रुनोआसा, १६ ऑक्टोबर

स्तेला बाळ,

रागावू नकोस, मी येतेय. गुरुवारी. सरपंचाच्या गाडीनं, उशा घालून. कसं झालं ते आधी सांगते, कारण माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

परवा गावच्या चर्चचा उत्सव होता. हरलांबिएच्या अंगणात टेबलं लावलेली, सगळं गाव, वर शेजारच्या गावचे पाहुणे. मी माझ्या सगळ्यात ढगळ कपड्यांत गेले. पोट आता भोपळ्याएवढं आहे, ते काही लपलं नाही. सगळे बघत होते आणि सगळे न बघितल्यासारखं करत होते. मग मीच म्हटलं, नीट समजावून सांगावं. सुरुवात केली: यकृतातून बाहेर पडणारी शीर असते, तिच्यात... हरलांबिएनं माझ्या हातावर हात ठेवला. "होय होय, झिनोविया. शीर." वेड्याला होय म्हणतात ना, त्या आवाजात. मी अगाफियाला सांगायला गेले, मूलपेशी असतात, त्या गवंड्यासारख्या... ती म्हणाली, "खा गं तू, उपाशीपोटी जास्त लागते."

आणि मी थकले, स्तेला. पंचवीस वर्षं पोरांना अपूर्णांक समजावले तेव्हा कधी थकले नाही तशी थकले. उभी राहिले. म्हटलं, "बरं बाबांनो, पिते! झालं समाधान?"

अगं, मग काय गलका! फादर साव्वा उठून आले आणि त्यांनी मला छातीशी धरलं. म्हणाले, "तीस वर्षं तू पापांच्या कबुलीला येतेस आणि दर वेळी तेच, कोंबडीला लाथ मारली. मला वाटायचं तुझा माझ्यावर विश्वासच नाही." बायका रडल्या. ज्या अगाफियानं माझ्याशी पूर्वी कुंपणाच्या मापावरून चार वर्षं अबोला धरला होता, ती दोन वेळ सूप आणून देते. आणि बाप्ये! एकेकाला आठवायला लागलं. कुणी म्हणे अमक्या द्राक्षतोडणीला झिनोविया माझ्याबरोबर प्यायली. कुणी म्हणे माझ्यापेक्षा जास्त प्यायली. हरलांबिएनं तर कमालच केली. म्हणतो दहा वर्षं मी त्याच्या तळघरात जाते, आणि एकदा त्याला टेबलाखाली लोळवून मी सरळ चालत घरी गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही क्षणभर अभिमान वाटला!

तीस वर्षं मी या गावात परकी होते आणि मला ते माहीतच नव्हतं. एक खोटं बोलले आणि घरची झाले. आता लाज उरलीच नाही, तर वॉर्डात यायला काय हरकत?

तुझी,
आत्या


किशिनाव, २८ ऑक्टोबर

हरलांबिए काका,

आत्याला उशा घालून जपून आणलीत, दारात रडलात, वॉर्डातल्या सगळ्यांना सफरचंदं वाटलीत. तुमचे उपकार विसरणार नाही. आता जे लिहितेय ते बसून वाचा.

आत्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा बंद आहेत. दारूनं नाही. तिच्या हाडांच्या मज्जेतच एक दोष निघाला, त्यानं रक्तात गुठळ्या होतात. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत, पण वाट बंद ती बंदच. यकृतातून नवी वाट काढून तिथे जाळीची नळी बसवायची, हा एकच उपाय आहे. अशा नळ्या आपल्याकडे मोजक्या येतात. कुणाला द्यायची ते समिती ठरवते. आणि समितीचा नियम असा की पिणाऱ्या माणसानं आधी सहा महिने न पिता राहून दाखवायचं.

तिला नाताळ दिसेल की नाही याची डॉक्टरांना खात्री नाही.

मी सांगितलं, ती पीत नाही. त्यांनी कागद पुढे केला. भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही सांगितलंत, "दहा वर्षं आम्ही दोघं बरोबरीनं पितोय, आणि मला ती झेपत नाही." आत्या स्वतः आता गळा फाडून सांगते की कधी प्यायले नाही. डॉक्टर मान डोलावतात. सगळेच पिणारे असंच म्हणतात म्हणे.

समितीत आमचे प्राध्यापक कासियान बसतात. त्यांच्या कागदांत तुम्ही न पिणारे आहात आणि आत्या दारुडी. काका, याहून उलटं जगात काही असेल का? दहा नोव्हेंबरला बैठक आहे. या आणि खरं ते सांगा. एवढंच.

स्तेलियाना


प्रुनोआसा, ३१ ऑक्टोबर

पोरी,

तुझं पत्र वाचून मला खुर्ची सोडवेना. झिनोवियासाठी मी काय वाटेल ते करीन. समितीत किती माणसं आहेत कळव, प्रत्येकाला एक एक पिल्लू डुकराचं आणि पाच पाच लिटर माझी पांढरी वाइन, गेल्या सालची. तो प्राध्यापक गोड वाइन पितो की बिगरगोड?

पण तू म्हणतेस ते अवघड आहे. मी सरपंच आहे. सगळ्या गावासमोर, शेजारच्या गावच्या पाहुण्यांसमोर मी सांगितलं की ती माझ्याबरोबर प्यायली. आता जाऊन सांगू की बाईमाणसाबरोबर प्यायलो हे मी मनानं रचलं? मला उद्या कोण मत देईल? आणि रचलं असं तरी कसं म्हणू? दर उत्सवाला मी तिला म्हणायचो, झिनोविया, खाली ये, पिपं बघ तरी. ती म्हणायची, मला चव आवडत नाही. एवढंच, आणि निघून जायची. मी मनात किती वेळा तिच्यासमोर बसलो असेन! त्या दिवशी तोंडातून निघालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, घडलंच असावं.

मधला मार्ग काढतो. मी लिहून देतो की ती थोडं प्यायची. एखादा ग्लास. सणासुदीला.

हरलांबिए


किशिनाव, २ नोव्हेंबर

काका,

एक ग्लास लिहिलात तरी सहा महिने. अर्धा लिहिलात तरी सहा महिने.

एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते. मी आज समितीला लेखी कळवलं की आमच्या अभ्यासातली नऊच्या नऊ निरोगी माणसं पितात, मी स्वतः त्या तळघरांत लहानाची मोठी झालेय, आणि एकटी आत्या पीत नाही. प्राध्यापक साहेबांचा शोधनिबंध छापायला गेला होता. तो आता परत मागवावा लागेल. मला त्यांनी खोलीत बोलावून सांगितलं की मी संस्थेची बदनामी करतेय, आणि पुरावा नसेल तर माझं इथे काम नाही. पुरावा तुम्ही आहात. तुमची मतं तुम्हाला लखलाभ.

डुकराची पिल्लं नकोत. आत्या रोज विचारते, हरलांबिएचं काही आलं का. मी म्हणते, रस्ते खराब आहेत.

स्तेलियाना


प्रुनोआसा, १२ नोव्हेंबर

झिनोविया,

तू गुंगीत होतीस, नर्सनं आत सोडलं नाही, म्हणून मित्रुत्साबरोबर पत्र देतो. माझं अक्षर तपासू नकोस.

आम्ही नऊ जण आलो होतो. मी रविवारी चर्च सुटल्यावर पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं की झिनोविया माझ्या तळघरात कधीच आली नाही, मी फेकलं. पहिल्यांदा सगळे हसले. मग एकेक जण मान खाली घालायला लागला, कारण फेकलं होतं सगळ्यांनीच. फादर साव्वा म्हणाले, गाडीत बसा आणि हे तिकडे सांगा. सगळ्यांनी लग्नाचे कोट घातले.

समितीपुढे मी पहिला. म्हटलं, "साहेब, ही बाई पीत नाही. आम्ही पितो." तो तुमचा कासियान म्हणाला, "तुम्ही तर लिहून दिलंय की पीत नाही." मी म्हटलं, "घरच्या वाइनचंही लिहायचं असतं हे कुणी सांगितलं नाही." मग एका डॉक्टरीणबाईनं विचारलं, रोज किती पिता? मी खरं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. पुढच्यानं माझ्यापेक्षा जास्त सांगितलं, त्याच्या पुढच्यानं त्याच्यापेक्षा जास्त. शेवटी खरं बोलायचं की मोठं बोलायचं तेच कळेना, पण ती बाई म्हणाली, पुरे, माझी खात्री पटली. ती म्हणाली, ज्या गावात हे असले नऊ आहेत तिथे या बाईनं प्यावं आणि कुणाला कळू नये, हे शक्यच नाही. आम्हा सगळ्यांना तिनं जानेवारीत तपासणीला बोलावलंय.

कासियान उठून गेला. तुला नळी मिळाली.

इथे लोक मला आता "तळघरात आलीच नाही" म्हणून चिडवतात. म्हणू दे. तू लवकर बरी हो.

हरलांबिए


किशिनाव, १८ जानेवारी

आत्या,

तू घरी जाऊन पंधरवडाही झाला नाही आणि माझी पत्रं परत लाल होऊन यायला लागली, म्हणजे तब्येत ठीक आहे. गोळ्या चुकवू नकोस. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता जन्मभराची. तपासायला महिन्याला यायचंच.

एक सांगायचं राहिलं, तू दवाखान्यात होतीस म्हणून बोलले नाही. मला प्रयोगशाळेतून काढलं. कारण लिहिलंय "नमुन्यांची गोपनीयता भंग केली", आणि ते खोटं नाही, मी तुझं नाव सांगितलंच होतं. अभ्यास बंद पडलाय. प्राध्यापक साहेब आता दुसऱ्या कशावर तरी काम करतायत, त्यात माणसं लागत नाहीत, उंदीर लागतात. उंदीर तरी खोटं लिहून देणार नाहीत.

मी ठीक आहे. एका औषधांच्या दुकानात विचारून ठेवलंय. वाईट इतकंच वाटतं की तुझ्या त्या मूलपेशी कमी का झाल्या, आधी त्या कमी झाल्या म्हणून शीर बंद पडली की शीर बंद पडता पडता त्या खर्ची पडल्या, हे मला खरंच शोधायचं होतं. अगदी थोडं अंतर राहिलं होतं, निदान मला तसं वाटायचं.

स्तेला


प्रुनोआसा, ३ फेब्रुवारी

माझी स्तेला,

तुझ्या पत्रात या वेळी एकही चूक नाही. मी तीनदा शोधली.

गावाचं सांगते. मी पीत नाही हे सिद्ध झाल्यापासून अगाफियाचं सूप बंद झालं. तिला फसवल्यासारखं वाटतंय. फादर साव्वांनी मला खोट्या कबुलीबद्दल चाळीस दिवस रोज साष्टांग नमस्कार घालायला सांगितले होते, मग नळीचं आठवलं तेव्हा म्हणाले, बसून घाल. गायनात मी परत पहिल्या रांगेत आहे आणि दोन्ही बाजूंना जागा रिकामी आहे. ते सगळं मी सोसलं. मला सवय आहे.

पण काल दुकानात गेले आणि ऐकलं की स्तेलियानाची नोकरी गेली. आणि का गेली? तर ती पिते. शहरात एकटी पोरगी, आईबाप नाहीत, काढलं कामावरून, म्हणजे दुसरं काय असणार? मीठ मोजता मोजता दुकानदारीण बोलली, कसलाही वाईटपणा नव्हता तिच्या आवाजात. दया होती.

स्वतःसाठी मी थकले होते, स्तेला. तुझ्यासाठी नाही थकले. मी शाळेची किल्ली मागून घेतली आणि आज रविवारी सगळ्यांना बोलावलं, सांगितलं की सरपंच काहीतरी वाटणार आहे. गच्च भरला वर्ग. सगळे आत आल्यावर मी दार लावून किल्ली खिशात टाकली. फळ्यावर यकृत काढलं. शिरा काढल्या, निळ्या खडूनं. गुठळी काढली. मूलपेशी काढल्या, हाडातून निघणाऱ्या, आणि कुठे जातात तो रस्ता काढला. अगाफिया म्हणाली, "होय होय, शीर." मी तिला उभं केलं आणि परत सांगायला लावलं. नाही जमलं, मग पहिल्यापासून सांगितलं. अंधार पडायला आला. कुणाला दूध काढायचं होतं, कुणाला घोडा बांधायचा होता, मी कुणाला सोडलं नाही. शेवटी अगाफियानं सगळं बरोबर सांगितलं, न अडखळता, आणि सांगता सांगता रडली.

मग मी सांगितलं की तुला का काढलं. जसंच्या तसं.

हरलांबिए मागच्या बाकावर बसला होता, गुडघे बाकात अडकलेले. त्यानं हात वर केला. म्हणाला, "झिनोविया, मग त्या पेशी तुझ्या अंगात परत वाढतील का?"

मी म्हटलं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. जी शोधत होती, ती घरी बसली आहे.

मग किल्ली काढून दार उघडलं, तरी कुणी बाकावरून उठलं नाही.

तुझी,
आत्या